जुना ॲम्प्लिफायर घूं का करतो? झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर

गणपती जवळ आले की माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेला ॲम्प्लिफायर खाली उतरतो. त्यात गेल्या काही वर्षांत रेकॉर्ड ऐकण्याची हौस पुन्हा आलीय, त्यामुळे आजोबांचा स्टीरिओ पुसून-बिसून दिवाणखान्यात मांडणारेही सोलापुरात कमी नाहीत. प्लग लावला, बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि गाणं सुरू व्हायच्या आत घूंऽऽ सुरू झालं. दुकानात नेला तर काउंटरवरचं बोलणं ठरलेलं. "उस्ताद, हमिंग येतंय." "कंडेन्सर गेला असेल. ठेवून जा."

कंडेन्सर (वीज साठवणारा कॅपॅसिटर) गेलाही असेल. पण घूं हा काही एकच रोग नव्हे. घरात पाणी टपकायला लागलं तर गच्ची गळतेय, नळ गळतोय की वरच्यांची टाकी भरून वाहतेय हे आपण आधी बघतो. थेट गच्चीवर डांबर ओतत नाही. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र डांबर आधी ओतलं जातं आणि पैसे गेल्यावरही घूं तिथंच असतं. बरंचसं निदान झाकण न उघडता, कानानं आणि वायरी काढून-लावून होतं. तिथूनच सुरुवात करू.

आवाज स्पीकरमधून की पेटीतून?

पहिला प्रश्न हाच. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. (ट्रान्झिस्टरवाला असेल तरच. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा, ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, त्यामुळे तिथं स्पीकर जोडलेलाच ठेवून त्यावर उशी दाबा.) आता खोली शांत करा, पंखासुद्धा बंद. आवाज अजून येतोय? मग तो लोखंडाचा आवाज आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. आवाज गेला? मग तो विजेच्या वाटेनं स्पीकरपर्यंत पोचत होता. हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत, त्यांचे उपाय वेगळे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही. नुसता कंडेन्सर बदलून ट्रान्सफॉर्मरचं लोखंड सहसा शांत होत नाही.

सूर ओळखा

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे ५० हर्ट्झ. ॲम्पमध्ये ती ब्रिजमधून (चार डायोडच्या चौकडीतून) गेली की उलट्या बाजूचा निम्मा भागही सुलटा होतो, म्हणून आतले ठोके सेकंदाला १०० होतात. त्यामुळे घूं बहुतेक ५० चं असतं किंवा १०० चं.

पेटी वाजवणाऱ्यांना सोपं जाईल: ४९ हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच, खूप खालच्या सप्तकातली, ९८ म्हणजे तीच, एक सप्तक वर. आपलं घूं त्या पट्टीपेक्षा किंचित चढं असतं. मोबाईलवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं फुकट ॲप घेतलं तरी चालेल, पण फोनचा माईक ५० हर्ट्झला जवळजवळ बहिरा असतो, तेव्हा फोन स्पीकरच्या कोनाशी टेकवूनच धरा.

५० चा आवाज गुबगुबीत, मऊ असतो, लांबून ट्रॅक्टर आल्यासारखा. तो बहुधा बाहेरून शिरलेला असतो: वायरीतून, अर्थिंगमधून, उघड्या इनपुटमधून. १०० चा आवाज जास्त खरखरीत, 'झर्रर्र' असा, त्यात वरचे सूरही मिसळलेले. तो बहुधा आतला असतो, पॉवर सप्लायचा. 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा. ब्रिजमधला एक डायोड तुटला की आतल्या सप्लायचाही ठोका ५० वर येतो.

पाच मिनिटांची तपासणी

आता स्पीकर जोडा आणि इनपुटच्या सगळ्या वायरी काढून टाका: टेप, रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही, मोबाईलची पिन, सगळं. घूं गेलं? अभिनंदन, ॲम्प चांगला आहे. दोष त्याला जोडलेल्या वस्तूंत किंवा वायरींत आहे. एकेक वायर परत लावत जा. जिच्यामुळे घूं येईल ती पकडली.

घूं राहिलं, तर व्हॉल्यूम फिरवा. व्हॉल्यूमबरोबर घूंही वाढलं-कमी झालं तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे इनपुट, सिलेक्टर किंवा फोनोच्या (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) भागात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढंच घूं, तर दोष पलीकडे: पॉवर सप्लाय किंवा आउटपुट. तिसरा प्रकार थोडा मजेशीर आहे. व्हॉल्यूम मधोमध असताना घूं सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांना कमी. अशा वेळी कंट्रोलच्या धातूच्या अंगाला अर्थ मिळालेला नसतो. नॉब ओढून काढा आणि दांड्याला बोट लावा. घूं बदललं तर एक छोटी वायर डाग देऊन (सोल्डर करून) कंट्रोलच्या पाठीवरून चासीला, म्हणजे पेटीच्या धातूच्या सांगाड्याला, नेली की काम झालं. (ट्रान्झिस्टर ॲम्प आणि नीट अर्थिंग असलेलं घर, या दोन अटींवरच बोट लावायचं.)

इनपुट उघडं राहिलं तर ते अँटेनासारखं वागतं आणि घूं खोटंच जास्त दिसतं. म्हणून एक जुना आरसीए प्लग (टीव्हीच्या लाल-पांढऱ्या आवाजाच्या वायरीला असतो तसा) घ्या, त्याची मधली पिन आणि बाहेरचा कडा आतून एका वायरीनं जोडून टाका. हा 'शॉर्टिंग प्लग'. तो फक्त इनपुटमध्ये लावायचा, आउटपुटमध्ये किंवा टेप-आउटमध्ये चुकूनही नाही. लावल्यावर घूं गेलं तर आतला भाग निर्दोष.

काही जुन्या ॲम्पच्या मागं 'प्री आउट' आणि 'मेन इन' असे सॉकेट असतात आणि त्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन पट्ट्या. ॲम्प बंद करून त्या पट्ट्या काढा आणि मेन इनमध्ये शॉर्टिंग प्लग घाला. एका फटक्यात ॲम्पचे दोन तुकडे झाले. घूं कुठल्या तुकड्यात आहे ते कळतं. मात्र नंतर पट्ट्या घट्ट बसवा. त्या गंजल्या की स्वतःच घूं आणि खरखर दोन्ही करतात.

एका बाजूलाच घूं असेल तर इनपुटचे डावे-उजवे प्लग आदलाबदल करा. घूं दुसऱ्या स्पीकरला गेलं तर ते बाहेरून येतंय. जागचं हललं नाही तर ॲम्पच्या त्या चॅनेलमध्ये आहे. दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर दोघांत जे सामाईक आहे तिकडे, म्हणजे पॉवर सप्लायकडे बघा.

युरोपी आणि बऱ्याच देशी जुन्या सेटला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यातली मधली, २ नंबरची पिन अर्थची. ती काळी पडली की अर्थ तुटतो आणि जोरदार घूं येतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा जातो.

वायरींचं रिंगण

समजा ॲम्प भिंतीतल्या एका सॉकेटला, टीव्ही दुसऱ्याला. दोघांनाही अर्थ आहे. मग तुम्ही दोघांमध्ये आवाजाची वायर जोडली. झालं काय? अर्थची वायर भिंतीतून फिरून आली आणि आवाजाच्या वायरीच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या, अर्थला जोडलेल्या वेष्टणातून) परत गेली. एक बंद रिंगण तयार झालं. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रानं आणि उपकरणांच्या गळतीनं या रिंगणात थोडासा ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो, आणि तो तुमच्या गाण्याच्याच वाटेनं वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

थोडासा म्हणजे किती? जाळीचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरा: १ मिलिव्होल्ट. टीव्ही किंवा सीडी प्लेअरचा सिग्नल ५०० मिलिव्होल्टच्या घरात असतो, त्यापुढे हे पाचशेपट लहान. शांत खोलीत ऐकू येईल, एवढंच. पण रेकॉर्ड प्लेअरची सुई देते जेमतेम ५ मिलिव्होल्ट. तिथं हाच १ मिलिव्होल्ट म्हणजे गाण्याचा पाचवा हिस्सा. म्हणून रेकॉर्ड लावली की घूं, आणि मोबाईल लावला की सगळं ठीक, असं होतं.

उपाय साधे आहेत. सगळी उपकरणं एकाच तीन-पिनी एक्स्टेन्शन बोर्डावर, एकाच भिंतीतल्या सॉकेटला लावा. रिंगण लहान झालं की प्रवाहही कमी. आवाजाच्या वायरी पॉवर कॉर्डच्या बरोबरीनं पळवू नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. केबल टीव्हीची जाड काळी वायर स्वतःचा वेगळाच अर्थ घरात घेऊन येते. ती सेट-टॉप बॉक्समधून उपसली आणि घूं गेलं, तर गुन्हेगार तीच. आवाजाच्या वायरीत 'ग्राउंड लूप आयसोलेटर' टाका. गाडीच्या स्टीरिओचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. स्वस्तातला घेतला तर खालचे सूर थोडे पातळ होतात, आणि रेकॉर्ड प्लेअर व फोनो इनपुटच्या मध्ये तो कधीच लावायचा नाही.

रेकॉर्ड प्लेअरला आवाजाच्या दोन वायरींखेरीज एक बारीक तिसरी वायर असते, टोकाला काट्यासारखी क्लिप. ती ॲम्पमागच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला बसवायची. ती लोंबकळत राहिली म्हणून दुकानात आणलेले सेट कमी नसतात. आणि प्लेअर ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट सुईच्या कॉइलमध्ये शिरतं. हातभर लांब सरकवून बघा. सुई रेकॉर्डच्या आतल्या बाजूला गेल्यावर घूं वाढत असेल तर निदान पक्कं.

मोबाईल किंवा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यातून गाणं वाजवताना घूं येतं आणि चार्जर काढला की जातं, हा ग्राउंड लूपचाच धाकटा भाऊ. चार्जर बदला किंवा बॅटरीवर वाजवा.

"काय बे, अर्थिंगची पिन काढ की, जातंय बघ"

जातं, यात खोटं काही नाही. रिंगण तुटलं की घूं जातंच. म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय आणि म्हणूनच तो इतका वाईट आहे. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या ट्रान्सफॉर्मरचा कागद आणि व्हार्निश कधी दगा देईल सांगता येत नाही. ज्या दिवशी देईल त्या दिवशी २३० व्होल्ट चासीवर येतील. अर्थ असेल तर फ्यूज उडेल किंवा आरसीसीबी (गळती पकडून वीज तोडणारा स्विच) पडेल. अर्थ नसेल तर ते व्होल्ट आवाजाच्या वायरीच्या जाळीतून रेकॉर्ड प्लेअरच्या धातूच्या आर्मपर्यंत जाऊन थांबतील, कुणाच्या तरी बोटाची वाट बघत. घूं घालवण्यासाठी अर्थ कापायचा नाही. रिंगण तोडायचं ते आवाजाच्या वायरीत, आयसोलेटरनं.

उलट अर्थ आहे का, हे आधी बघा. मल्टीमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. फेज-अर्थ १००-१५० असं काहीतरी अधांतरी आलं तर भिंतीतली अर्थची पिन नुसती शोभेची आहे. सोलापुरात याचं एक कारण पायाखालीच असतं. काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी ओल नसेल तर उपयोग शून्य. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी त्या पाइपात ओतलं तर फरक मीटरवर दिसतो.

टाकी आटली की

आता आतला आजार. ब्रिजमधून वीज धारेनं येत नाही, सेकंदाला शंभर झटक्यांनी येते. दोन झटक्यांच्या मध्ये ॲम्पला वीज कोण देतं? मोठे फिल्टर कॅपॅसिटर, ज्यांना दुकानात मेन कंडेन्सर म्हणतात. सोलापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. महापालिकेचं पाणी रोज येत नाही म्हणून गच्चीवर टाकी असते. पाणी काही दिवसांआड येतं, पण नळ रोज चालतो. टाकीत गाळ साचून ती निम्मी झाली, तर पुढचं पाणी यायच्या आत नळ आटायला लागतो. कॅपॅसिटरचं तेच. तो म्हातारा झाला की दोन झटक्यांच्या मध्ये व्होल्टेज खाली घसरतं, पुढच्या झटक्याला वर चढतं. ही चढउतार म्हणजे रिपल, आणि तीच स्पीकरमधून १०० हर्ट्झचं झर्रर्र म्हणून ऐकू येते.

हिशेब अंदाजे असा: रिपल म्हणजे प्रवाह भागिले (१०० गुणिले फॅरडमधली क्षमता). १ अँपिअर आणि ४,७०० मायक्रोफॅरड असेल तर रिपल साधारण २.१ व्होल्ट. तोच कॅपॅसिटर आटून १,००० वर आला तर १० व्होल्ट.

आटतात का? आतलं ओलं रसायन हळूहळू वाळतं, आणि उष्णता हा त्याचा शत्रू. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ८५ अंशांवर २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर ६५ अंशांवर ८,००० तास टिकेल. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४२ वर, ॲम्पची पेटी त्यावर वीस अंश. रोज चार तास वाजवला तर हे ८,००० तास साडेपाच वर्षांत संपतात. प्रत्यक्षात वर्षभर मे नसतो म्हणून ते जास्त चालतात, पण पत्र्याखालच्या माळ्यावर दहा उन्हाळे काढलेला ॲम्प 'वापरलाच नाही, अगदी नवा आहे' म्हणून कुणी विकायला आणला तर हुरळू नका. न वापरता पडून राहिलेल्या कॅपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थरही कमजोर होतो.

म्हणून असा सेट थेट २३० वर लावायचा नाही. सिरीज बोर्ड वापरायचा: फेजच्या वाटेत होल्डर आणि त्यात तारेचा, म्हणजे फिलामेंटचा, ६० वॅटचा बल्ब, मोठ्या ॲम्पला १०० वॅटचा. एलईडी इथं चालत नाही. चालू केल्यावर बल्ब झपकन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच, तासाभरात हळूहळू व्होल्टेज चढवता येतं.

कॅपॅसिटर तपासायचा कसा

वरून फुगलेला असेल तर प्रश्नच मिटला. पण जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचे कॅपॅसिटर न फुगताही मेलेले असतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू ॲम्पच्या मेन कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर धरा, स्पीकर काढून आणि गाणं न वाजवता. एक हात खिशात. चांगल्या कॅपॅसिटरवर साध्या मीटरला ०.० किंवा ०.१ दिसेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर कॅपॅसिटर गेला, किंवा ब्रिज गेला, किंवा आउटपुट नको तेवढा प्रवाह ओढतोय.

इथं एक मेख आहे. काही स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) सुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर एसी रेंज लावून बघा, पिना उलट्यासुलट्या करून. एका बाजूनं २० च्या आसपास दाखवलं तर तुमचं मीटर तसलंच आहे. मग लाल पिनेच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्म कॅपॅसिटर घाला, आणि तो सप्लायच्या व्होल्टेजपेक्षा बऱ्याच जास्त व्होल्टचा घ्या.

बदलण्याआधी कॅपॅसिटर रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही. ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स दोन टोकांवर अर्धा मिनिट धरा आणि मग मीटरनं खात्री करा. हे ५० व्होल्टपर्यंतच्या ट्रान्झिस्टर सेटला. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट असतात, ते जीव घेतात. तिथं १० किलोओहम १० वॅट, इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी, आणि आधी कधी केलं नसेल तर करूच नका.

नवा घेताना १०५ अंशांचा घ्या, व्होल्ट जुन्याइतके किंवा थोडे जास्त, क्षमता जुन्याइतकी किंवा फार तर दीडपट. "मोठ्ठा टाकला तर घूं अजून कमी होईल ना?" असं प्रत्येकाला वाटतं. टाकी फार मोठी केली की ती भरायचा वेळ आखूड होतो आणि धार जोराची. विजेचे झटके अरुंद पण उंच होतात, ब्रिज आणि फ्यूजवर ताण येतो, आणि ट्रान्सफॉर्मर पूर्वीपेक्षा जास्त झर्रर्र करायला लागतो.

आणि हो, आधीच्या मेकॅनिकनं अर्थच्या वायरी कुठं जोडल्यात ते बघा. दोन मेन कॅपॅसिटरच्या मधल्या जोडावरून ब्रिजकडच्या वाटेत झटक्यांचा प्रवाह वाहतो. इनपुटचा अर्थ त्याच वायरीवर कुणी 'जवळ होता म्हणून' चिकटवला असेल, तर नवे कॅपॅसिटर टाकूनही झर्रर्र जाणार नाही. प्रत्येक अर्थ स्वतंत्र वायरीनं एकाच बिंदूवर यायला हवा. कंपनीनं ते तसंच केलेलं असतं; बिघडतं ते दुरुस्तीत.

लोखंडच गुणगुणतंय

ट्रान्सफॉर्मरचा कोअर एकसंध नसतो. पातळ पत्र्यांची, म्हणजे स्टॅम्पिंगची, थप्पी असते. चुंबकत्व चढलं-उतरलं की हे पत्रे अगदी सूक्ष्म प्रमाणात लांब-आखूड होतात, एका आवर्तनात दोनदा, म्हणून लोखंडाचा आवाज १०० चा. थोडा आवाज हा त्याचा स्वभावच आहे. बोल्ट सैल झाले, व्हार्निश वाळून उडालं की तो वाढतो.

पण त्याआधी एक बघा: ट्रान्सफॉर्मर स्वतः आवाज करतोय, की कुणीतरी त्याच्यावर ओझं टाकलंय म्हणून? प्लग काढा, आतले सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूचे, फ्यूज काढा आणि प्लग पुन्हा लावा. शांत झाला तर दोष पुढे आहे, ब्रिज, कॅपॅसिटर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. तेवढाच ओरडत राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा घरातली वीज. फ्यूज काढलेले असताना अर्ध्या तासात तो हात लावू देईना इतका तापला आणि सिरीज बल्बही लुकलुकत राहिला, तर आतले वेढे शॉर्ट आहेत. तो रिवाइंडच करावा लागेल.

सैल पत्र्यांसाठी प्लग काढून चारही बोल्ट तिरक्या जोडीनं आवळा. बोल्टखालचे फायबरचे वॉशर हरवू नका. ते पत्र्यांना बोल्टमधून शॉर्ट होऊ देत नाहीत. चासी आणि ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये रबरी ग्रोमेट टाकले की पेटीचा पत्रा नाचायचा थांबतो, आणि खरं तर कानाला त्रास त्या पत्र्याचाच जास्त असतो. मात्र कोअरला अर्थ त्या बोल्टमधूनच मिळत असेल तर रबर टाकल्यावर तो तुटतो. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून वेगळी वायर चासीला द्यायची.

यानंही भागलं नाही तर व्हार्निश. यंत्रमागाच्या मोटरी भरणारी वाइंडिंगची दुकानं या गावाला नवी नाहीत. तिथं ट्रान्सफॉर्मर आधी भट्टीत वाळवून ओल काढतात, मग व्हार्निशात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवतात, निथळवतात आणि पुन्हा भट्टीत ठेवतात. बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) प्लॅस्टिकचा असेल तर हे त्यांना आधी सांगा, नाहीतर मोटरीच्या भट्टीत तो वितळेल. नुसतं वरून ब्रशनं व्हार्निश फासण्यात अर्थ नाही, ते आत उतरत नाही.

गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर मधला बोल्ट जेमतेम घट्ट करायचा. त्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला आणि खालचं चासीला एकाच वेळी टेकलं तर तो एक शॉर्ट झालेला वेढा बनतो आणि पहिल्याच क्षणी फ्यूज उडतो.

रात्री दहानंतरच का ओरडतो?

कारण आसपासचा लोड उतरला की व्होल्टेज चढतं. २२० वर लावलेला सेट रात्री २४५ व्होल्ट खायला लागला की कोअर भरून जातो आणि ओरडतो. मागं व्होल्टेज सिलेक्टर असेल तर प्लग काढून तो २४० वर करा. एवढंच.

अमेरिकेहून आलेल्या सेटची मागची पाटी वाचा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल आणि ५० चा उल्लेख नसेल, तर स्टेप-डाउन लावूनही आपल्या विजेवर त्याच्या कोअरवर २० टक्के जास्त चुंबकत्व चढतं. त्याला १०० व्होल्टच द्यायला हवेत.

वीज गेली, इन्व्हर्टर आला आणि ॲम्पसकट पंखाही घुरघुरायला लागला, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. ॲम्पमध्ये शोधायचं काही नाही. तसंच जुन्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरचं. तो विजेची लहर कापतो. कटकट करत पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा. आणि खालच्या सलूनमधला ड्रायर हळू वेगावर लावला की तुमचा टोरॉइड गुरगुरत असेल, तर ड्रायरमधला एक डायोड लाइनवर थोडं डीसी सोडतोय. यावर डीसी ब्लॉकर असतो: पाठीला पाठ लावलेले १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर आणि त्यांच्याभोवती ३५ अँपिअरचा ब्रिज. तो थेट मेन लाइनवर बसतो, त्यामुळे जाणकाराकडूनच, बंद डब्यात करून घ्या.

स्टॅबिलायझरनं यातलं फक्त चढलेलं व्होल्टेज आटोक्यात येतं. हजारो रुपयांच्या पॉवर कॉर्डनं काहीच होत नाही. तुमच्या भिंतीतली वायर तीच, खांबावरची तीच.

व्हॉल्व्हवाल्यांसाठी थोडक्यात

व्हॉल्व्हचा हीटर ५० हर्ट्झवरच तापतो, त्यामुळे थोडं घूं जास्तच. हीटरच्या दोन वायरी एकमेकींना घट्ट पिळलेल्या आणि चासीच्या कोपऱ्यातून गेलेल्या हव्यात. हम बॅलन्सचा छोटा कंट्रोल असेल तर तो फिरवून कमीत कमी घूंवर आणा. जोडीतला एक आउटपुट व्हॉल्व्ह दमला की घूं वाढतं, कारण दोघं सारखे असतील तरच त्यांचं घूं एकमेकांना खोडतं. जोडीच बदलायची.

अचानक मोठ्ठं घूं आलं तर

हळूहळू वाढलेल्या घूंची दुरुस्ती चार दिवस थांबू शकते, अचानक आलेल्याची नाही. चालू गाण्यात एकदम भसाडा हंऽऽ आला, कोन पुढं किंवा आत जाऊन अडकला आणि ट्रान्सफॉर्मरही कण्हायला लागला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय आणि स्पीकरच्या कॉइलमधून थेट डीसी वाहतंय. काही सेकंदांत कॉइल जळते. प्लग ओढा.

आणि दुरुस्त होऊन आलेला कुठलाही ट्रान्झिस्टर ॲम्प, घूं असो वा नसो, घरी आणल्यावर आधी स्पीकर न जोडता चालू करायचा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, दोन पिना स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. १०० च्या वर असेल तर परत न्या. स्पीकर जोडल्यावर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हातभर अंतरावर बसा. पंखा बंद असताना तिथं घूं ऐकू येत नसेल तर झाकणाचे स्क्रू लावायला हरकत नाही.